तुलनेची वस्ती

भोपाळच्या वायुकांडावरच्या संशोधनात दोन आकडे शेजारी शेजारी छापलेले आहेत. वायूच्या वाटेत आलेल्या वस्त्यांमध्ये त्या वेळी गरोदर असलेल्या बायकांपैकी २४.२ टक्के जणींचा गर्भ आपोआप पडला. वायू जिथे पोचला नाही असं मानलं गेलं, त्या वस्त्यांमध्ये हे प्रमाण ५.६ टक्के होतं. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या, म्हणजे आयसीएमआरच्या, पाहणीतले हे आकडे १९९० मध्ये प्रसिद्ध झाले. पहिला आकडा वाचणाऱ्याच्या लक्षात राहतो आणि राहायलाच हवा. पण या प्रकरणात मला मुख्यतः दुसऱ्या आकड्याबद्दल लिहायचं आहे.

५.६ टक्के हा आकडा फार कमी आहे. दिवस गेल्याचं कळल्यानंतरसुद्धा दर शंभरातले दहा ते पंधरा गर्भ पहिल्या काही महिन्यांत आपोआप पडतात, हा जगभरातला वैद्यकीय अनुभव आहे. भोपाळच्या गरीब वस्तीतल्या, रक्त कमी असलेल्या, पाण्यासाठी लांबवर जाणाऱ्या बायकांमध्ये हे प्रमाण निम्म्यावर कसं येईल? याचा सरळ अर्थ असा, की तुलनेच्या वस्तीतल्या बऱ्याच बायकांचे गेलेले गर्भ मोजणीत आलेच नाहीत. दोन महिने पाळी आली नाही, मग एक दिवस जास्त अंगावरून गेलं, चार दिवस कंबर धरली, पुन्हा कामाला लागली. कोणी विचारलं नाही, तिने सांगितलं नाही. वायू लागलेल्या बाईला मात्र त्या वर्षात पाचपन्नास लोकांनी विचारलं होतं आणि तिने स्वतःशीही शंभरदा आठवून पाहिलं होतं.

म्हणजे दोन आकड्यांमधलं खरं अंतर छापलंय त्याहून कमी असू शकेल. तुलनेचा आकडा १२ धरला तरी वायू लागलेल्या बायकांचं प्रमाण त्याच्या दुप्पट भरतं, त्यामुळे वायूचा गुन्हा त्याने हलका होत नाही. प्रश्न वेगळा आहे. एखाद्या बाईच्या शरीराचं नुकसान झालं हे सिद्ध करायचं, तर नुकसान होण्याआधी ते शरीर कसं होतं याची नोंद लागते. भारतातल्या बायकांच्या बाबतीत १९८४ साली अशी नोंद जवळपास नव्हतीच, आणि भोपाळच्या बायकांना याची किंमत चाळीस वर्षं मोजावी लागली आहे.

त्या रात्रीचा तपशील बहुतेक वाचकांना माहीत असेल. २ डिसेंबर १९८४ च्या रात्री युनियन कार्बाइडच्या कीटकनाशक कारखान्यात ६१० क्रमांकाच्या टाकीत पाणी शिरलं आणि मिथाइल आयसोसायनेट उकळून बाहेर पडलं. सुमारे ४० टन वायू थंड हवेत जमिनीलगत पसरत गेला. कारखान्यासमोरचं जे. पी. नगर, काझी कॅम्प, छोला, रेल्वे कॉलनी असं करत त्याने शहराच्या ५६ पैकी ३६ प्रभागांना गाठलं. सरकारने पुढे ३,७८७ मृत्यू मान्य केले. शारीरिक इजा झालेल्यांची संख्या २००६ च्या सरकारी प्रतिज्ञापत्रात ५,५८,१२५ दिली आहे. हमीदिया रुग्णालयात आणि सुलतानिया जनाना रुग्णालयात पहिल्या दिवसांत जे चाललं होतं ते जीव वाचवण्यासाठी होतं, साहजिकच डोळे आणि फुफ्फुसं यांच्याकडे सगळ्यांचं लक्ष होतं.

पाळीकडे, अंगावरून जाण्याकडे, ओटीपोटाच्या दुखण्याकडे पहिल्यांदा नीट पाहिलं ते बाहेरून आलेल्या दोन डॉक्टर बायकांनी. राणी बंग या मूळच्या चंद्रपूरच्या स्त्रीरोगतज्ज्ञ. अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठातून सार्वजनिक आरोग्याचं शिक्षण घेऊन त्या आणि अभय बंग १९८४ मध्येच परतले होते. गडचिरोलीतलं त्यांचं काम अजून सुरू व्हायचं होतं. मीरा सद्गोपाल होशंगाबाद जिल्ह्यात, ‘किशोर भारती’ या संस्थेच्या परिसरात खेड्यातल्या बायकांसोबत काम करत होत्या. १९८५ च्या सुरुवातीच्या महिन्यांत या दोघींनी भोपाळच्या वस्त्यांत बायकांना तपासलं आणि अहवाल लिहिला. त्याच्या शीर्षकातच त्यांनी स्त्रीरोगांची साथ असा शब्द वापरला. पांढरं जाणं, गर्भाशयाच्या मुखाला सूज आणि जखम, ओटीपोटातला जंतुसंसर्ग, पाळीत अतोनात रक्त जाणं, अंगावर पाजणाऱ्या आईचं दूध एकाएकी आटणं, या साऱ्या तक्रारी वायू लागलेल्या बायकांत तुलनेच्या बायकांहून कितीतरी जास्त होत्या.

या अहवालाला डॉक्टरी वर्तुळात उत्तर तयार होतं. झोपडपट्टीतल्या बायकांना ‘सफेद पानी’ असतंच, स्वच्छता नसते, बाळंतपणं जास्त असतात, यात नवीन काय? डिसेंबर १९८५ मध्ये, म्हणजे दुर्घटनेनंतर सुमारे वर्षभराने, पद्मा प्रकाश यांनी मुंबईच्या ‘इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली’मध्ये बायकांच्या आरोग्याच्या या हेळसांडीवर लिहिलं. तरीही ‘असतंच’ या शब्दाला तोड नव्हती. कारण किती असतं हे भारतात कोणी मोजलेलंच नव्हतं. रुग्णालयात आलेल्या बायकांचे आकडे होते, पण रुग्णालयात न आलेल्या बायकांचे नव्हते.

अशी मोजणी प्रत्यक्षात कशी होते हे जरा जवळून पाहू, म्हणजे ती किती अवघड आहे ते कळेल.

वस्तीत एक खोली मिळवायची, दाराला पडदा लावायचा. आत एक बाक किंवा खाट, बॅटरी, उकळून घेतलेले स्पेक्युलम, कापसाच्या काड्या, काचपट्ट्या. बाईला आधी पटवायचं, मग तिच्या सासूला, कधी नवऱ्यालाही. बाळंतपण सोडता तिला आजवर कोणी असं तपासलेलं नसतं. तपासणी दहा मिनिटांत उरकते, खरा वेळ जातो प्रश्न विचारण्यात, आणि त्यातही एका प्रश्नात: शेवटची पाळी कधी आली होती?

तारखा कोणाला आठवत नाहीत, सण आठवतात. १९८४ ची दिवाळी २४ ऑक्टोबरला होती. ३१ तारखेला इंदिरा गांधींची हत्या झाली. त्यानंतर महिन्याभराने वायू सुटला. समजा एखादी बाई म्हणाली, की ऐन दिवाळीत मी बाजूला होते, त्यानंतर पाळी आली नाही. २४ ऑक्टोबर ते २ डिसेंबर हे ३९ दिवस होतात. दर २८ दिवसांनी पाळी येणारी ही बाई वायूच्या रात्री अकरा दिवस पुढे गेलेली होती. आपल्याला दिवस गेलेत की नाही हे तिला स्वतःलाही पक्कं ठाऊक नसणार. घरच्या घरी लघवी तपासायची पट्टी तेव्हा काझी कॅम्पात कुठून मिळणार? त्या रात्री ती मुलांना घेऊन धावली. आठवड्याने तिला भरपूर रक्त गेलं. आता वहीत काय लिहायचं? उशिरा आलेली पाळी, की पडलेला गर्भ? डॉक्टर एका रकान्यात टाकेल तर ती ‘गर्भपात’ या आकड्यात जाईल, दुसऱ्या रकान्यात टाकेल तर ‘पाळीची अनियमितता’ होईल. हा निर्णय दोन्ही वस्त्यांमध्ये एकाच नियमाने घेतला गेला असेल तरच तुलनेला अर्थ उरतो.

मॉन्ट्रियलच्या मॅकगिल विद्यापीठातले औषधशास्त्रज्ञ दया वर्मा यांच्या पाहणीत हा घोळ बराच कमी झाला. घटनेनंतर सुमारे नऊ महिन्यांनी वायू लागलेल्या ३,२७० कुटुंबांची माहिती घेतली गेली. त्या रात्री गरोदर असलेल्या ८६५ जणींची नोंद झाली. त्यांच्यापैकी ४३ टक्के गर्भधारणांतून जिवंत मूल जन्मलं नाही. जी ४८६ मुलं जिवंत जन्मली, त्यांतली १४ टक्के महिन्याभरात दगावली. वर्मांनी तुलना शेजारच्या वस्तीशी केली नाही, याच बायकांच्या आधीच्या दोन वर्षांतल्या बाळंतपणांशी केली. तेव्हा महिन्याभरात दगावणाऱ्या मुलांचं प्रमाण २.६ ते ३ टक्के होतं. घर तेच, गरिबी तीच, पाणीही तेच. बदललं होतं ते एका रात्रीत. अर्भकाचा मृत्यू कोणी विसरत नाही आणि तो उशिरा आलेली पाळी म्हणून वहीत जाऊही शकत नाही. माझ्या मते भोपाळच्या बायकांबद्दलच्या सगळ्या आकड्यांत हा सर्वात भक्कम आहे.

फुफ्फुसात गेलेला वायू गर्भाशयापर्यंत पोचतो कसा? मिथाइल आयसोसायनेट पाण्याला लागताच बदलतं, म्हणून ते डोळ्यांत आणि श्वासनलिकेतच संपून जाईल, रक्तात उतरणार नाही, असा कार्बाइडच्या बाजूने युक्तिवाद होता. प्रयोगशाळेने तो खोडून काढला. किरणोत्सारी कार्बनची खूण लावलेला वायू अमेरिकेत गिनीपिग आणि उंदरांना हुंगायला दिला, तेव्हा खूण काही मिनिटांत रक्तात दिसली आणि गाभण उंदरांच्या गर्भाशयात, वारेत आणि पिल्लांतही सापडली. १९९० च्या आसपास हेही कळलं, की शरीरातला ग्लुटाथायोन नावाचा पदार्थ या विषाला चिकटतो, पण ही पकड सुटू शकते. विष बांधलं जातं, दूर वाहून नेलं जातं आणि तिथे पुन्हा मोकळं होतं.

वर्मांनी सहकाऱ्यांबरोबर उंदरांवर केलेल्या प्रयोगात हार्मोनचाही प्रश्न तपासला. गर्भ टिकवण्यासाठी प्रोजेस्टेरॉन लागतं. वायू हुंगलेल्या ज्या माद्यांचे गर्भ विरघळले, त्यांच्या रक्तात प्रोजेस्टेरॉन घटलेलं आढळलं. ज्यांचे टिकले त्यांच्यात ते घटलं नव्हतं. इथे थांबलो असतो तर उत्तर मिळाल्यासारखं वाटलं असतं: हार्मोन कमी पडलं म्हणून गर्भ गेला. त्यांनी पुढची पायरी केली. माद्यांना बाहेरून प्रोजेस्टेरॉन दिलं. गर्भ तरीही वाचले नाहीत. म्हणजे हार्मोन घटणं हा बहुधा गर्भ गेल्याचा परिणाम होता, गर्भ जाण्याचं कारण नव्हतं. वंध्यत्वाच्या दवाखान्यात रिपोर्ट हातात घेऊन बसलेल्या प्रत्येक जोडप्याला हा प्रयोग सांगावासा वाटतो. रक्तातला एखादा आकडा कमी दिसला म्हणजे दोषी सापडला असं होत नाही; तो आकडा सुधारल्यावर गर्भ टिकतो का, हे वेगळं तपासावं लागतं.

हार्मोनची तपासणी नेमकं काय सांगते? पाळी बिघडण्याची ठिकाणं मुख्यतः तीन. मेंदूतून अंडाशयाला जाणारा संदेश बिघडतो, अंडाशय स्वतः थकतं, किंवा हे दोन्ही ठीक असून गर्भाशय आणि गर्भनलिका आजारी असतात. पाळीच्या दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी एफएसएच हे संदेशाचं हार्मोन मोजलं आणि ते खूप वर आलं, तर अंडाशय उत्तर देत नाही म्हणून मेंदू ओरडून सांगतोय असं समजायचं. ते खालीच असेल आणि पाळी येत नसेल, तर संदेशच जात नाही. दुःख, उपासमार, झोप उडणं यांनी हे होतं, आणि एका रात्रीत घरातली तीन माणसं गमावलेल्या बाईच्या बाबतीत ते होणं अगदी शक्य आहे. प्रोलॅक्टिन आणि थायरॉइडही याच वेळी पाहतात. सगळे आकडे सरळ आले आणि तरीही मूल होत नसेल, तर नलिका बंद आहेत का हे क्ष-किरणांनी बघावं लागतं. ओटीपोटातल्या जुन्या संसर्गाने आणि आपल्याकडे विशेषतः गर्भाशयाच्या क्षयाने नलिका बंद होतात. राणी बंग आणि मीरा सद्गोपाल यांना भोपाळमध्ये जो ओटीपोटाचा संसर्ग दिसला, त्याचं पाच-दहा वर्षांनंतरचं रूप मूल न होणं हे असू शकतं. ते तेव्हाच तपासून, उपचार करून, नोंदवून ठेवायला हवं होतं.

अशा तपासण्या तेव्हा भारतात होतच नव्हत्या असंही नाही. रक्तातली हार्मोनं मोजण्याच्या किरणोत्सारी पद्धतीसाठी रोझलिन यॅलो यांना १९७७ मध्येच नोबेल मिळालं होतं, आणि मुंबईत परळला आयसीएमआरची प्रजननावर संशोधन करणारी स्वतंत्र संस्था होती. तिचे संचालक टी. सी. आनंद कुमार आणि केईएम रुग्णालयाच्या डॉ. इंदिरा हिंदुजा यांनी मिळून ६ ऑगस्ट १९८६ रोजी टेस्ट ट्यूब बेबीचा जन्म घडवून आणला. शास्त्रीय नोंदींसह सिद्ध झालेला तो भारतातला पहिला. अंडं नेमकं कधी पक्व होतं हे कळावं म्हणून अशा उपचारात बाईच्या रक्तातली हार्मोनं पुन्हा पुन्हा मोजावी लागतात. त्याच केईएममध्ये त्याच काळात डॉ. एस. आर. कामत आणि त्यांचे सहकारी भोपाळच्या ११३ वायुपीडितांची फुफ्फुसं, मन आणि प्रतिकारशक्ती यांचा अभ्यास करत होते, आणि तो त्यांनी दोन वर्षं चालवला. एकाच रुग्णालयात हे दोन्ही ज्ञान होतं. गर्भ कसा रुजवायचा हे शिकणारे आणि वायू लागलेल्या शरीरांचा पाठपुरावा करणारे काही पावलांच्या अंतरावर काम करत होते. भोपाळमधून या दोघांना एकत्र आणणारा प्रश्न कोणी विचारायला हवा होता. ज्या बायकांची पाळी त्या रात्रीनंतर बिघडली, त्यांची हार्मोनं मोजून पाच वर्षं त्यांच्यामागे जाणं ही त्या काळातल्या भारतीय विज्ञानाच्या आवाक्यातली गोष्ट होती.

पुन्हा तुलनेच्या वस्तीकडे येऊ. मेडिको फ्रेंड सर्कल हा डॉक्टरांचा आणि आरोग्य कार्यकर्त्यांचा गट. १९७४ च्या सुमारास जयप्रकाश नारायण यांच्या चळवळीच्या वातावरणात तो जमला, पुण्याचे अनंत फडके त्यातले एक आघाडीचे. मार्च १९८५ मध्ये या गटाने कारखान्यासमोरच्या जे. पी. नगरची तुलना लांबच्या अण्णा नगरशी केली, आणि सप्टेंबरमध्ये गरोदरपणाच्या परिणामांची वेगळी पाहणी केली. ‘डिस्टॉर्टेड लाइव्ज’ हा तिचा अहवाल १९९० चा. त्यांच्यापुढेही तोच पेच होता. अण्णा नगर वायूपासून पूर्ण मुक्त होतं असं म्हणता येत नव्हतं, तिथेही थोडाफार त्रास होताच. शहरापासून फार दूरची वस्ती घ्यावी तर राहणीमान बदलतं. जवळची घ्यावी तर वायू थोडा तरी पोचलेला. तुलनेची वस्ती स्वच्छ नसली की फरक आहे त्यापेक्षा कमी दिसतो, आणि त्याचा फायदा नेहमी कंपनीला होतो.

किती ‘असतंच’, याचं पहिलं उत्तर भोपाळमधून आलं नाही, गडचिरोलीतून आलं. १९८६ मध्ये राणी आणि अभय बंग यांनी तिथे ‘सर्च’ ही संस्था सुरू केली आणि वसा व अमिर्झा या दोन गावांतल्या १३ वर्षांवरच्या ६५० स्त्रियांचा अभ्यास केला. तक्रार असो वा नसो, सगळ्यांचाच. लॅन्सेटच्या जानेवारी १९८९ च्या अंकात निष्कर्ष छापून आला. ९२ टक्के स्त्रियांना एक किंवा अधिक स्त्रीरोग होते, दर स्त्रीमागे सरासरी ३.६. निम्मे आजार जंतुसंसर्गाचे. ४५ टक्के जणींनी कोणतीच तक्रार सांगितली नव्हती. यापूर्वी कधी तपासणी आणि उपचार झालेल्या फक्त ८ टक्के. कैरोची लोकसंख्या परिषद १९९४ ची आणि भारत सरकारचा प्रजनन व बालआरोग्य कार्यक्रम १९९७ चा. बाईचं आरोग्य म्हणजे फक्त कुटुंबनियोजन आणि बाळंतपण नव्हे, हे त्या दोन्हींत उतरलं, त्यामागे या अभ्यासाचं वजन होतं.

कोणी म्हणेल, साध्या गावात ९२ टक्के, तर मग भोपाळच्या बायकांचं वायूमुळे काय वेगळं झालं? हा युक्तिवाद चुकीचा आहे. गडचिरोलीतल्या व्याख्या, तपासण्या आणि वयोगट भोपाळहून वेगळे होते, त्यामुळे एका गावातला आकडा उचलून दुसऱ्या शहरातल्या आकड्याशेजारी ठेवता येत नाही. भोपाळमध्ये त्याच डॉक्टरांनी, त्याच पद्धतीने, एकाच काळात दोन वस्त्या पाहिल्या होत्या आणि फरक मोठा होता. गडचिरोलीने इतकंच दाखवलं, की या देशातल्या बायका आधीच आजारी असतात आणि त्याची कुठे नोंद नसते. वायू या आधीच्या आजारावर येऊन पडला. दोन ओझी एकावर एक होती, म्हणून वरचं ओझं खोटं ठरत नाही.

पुढची हकिगत थोडक्यात. आयसीएमआरने सुमारे ८० हजार बाधित आणि सुमारे १६ हजार अबाधित लोकांचा गट बांधला होता. त्यात वर्षागणिक गळती होत गेली आणि १९९४ मध्ये हे दीर्घ अभ्यास बंद झाले. त्या रात्री पोटात असलेली किंवा रांगणारी मुलं तेव्हा नऊ-दहा वर्षांची होती. त्यांच्या वयात येण्याचा, पाळी सुरू होण्याचा काळ समोर होता आणि अभ्यास नेमका तिथे थांबला. ‘वायूवाली’ म्हणून लग्न मोडण्याचे, मूल झालं नाही की बोल लावला जाण्याचे अनुभव त्या मुलींच्या वाट्याला आले. त्यांच्या हाती एक वैद्यकीय कागद नव्हता. १९९६ पासून भोपाळच्या संभावना क्लिनिकने पाळीच्या तक्रारींवर आयुर्वेद, योग आणि आधुनिक औषधं असा मेळ घालून काम केलं, आणि तिथल्या गटाने वर्मांसोबत २००३ मध्ये ‘जामा’ या नियतकालिकात दाखवलं, की बालवयात वायू लागलेल्या किंवा वायुपीडित आईबापांच्या पोटी जन्मलेल्या मुलग्यांची वाढ खुंटली होती, मुलींची नाही. यामागे हार्मोनचा काही संबंध असेल का, हा प्रश्न त्यातून सरळ निघतो.

मधल्या काळात संशोधनावरचा विश्वासही घसरला. वायुपीडितांसाठी उभारलेल्या भोपाळ मेमोरियल हॉस्पिटलमध्ये २००४ ते २००८ या काळात हृदयविकार आणि जंतुसंसर्गावरच्या नव्या औषधांच्या चाचण्या झाल्या. आपण चाचणीत आहोत हेच ठाऊक नव्हतं, असं अनेक रुग्णांनी नंतर सांगितलं. या चाचण्यांचा वायूच्या परिणामांशी काही संबंध नव्हता. शेजारच्या इंदूरमधल्या चाचण्यांवरून स्वास्थ्य अधिकार मंच सर्वोच्च न्यायालयात गेला; २०१३ मध्ये भरपाईचे नियम आले, संमतीचं चित्रीकरण सक्तीचं झालं, आणि २०१९ मध्ये नव्या औषधांच्या चाचण्यांची स्वतंत्र नियमावली आली. नियम चांगले आहेत. पण ज्या वस्तीला एकदा न सांगता वापरलं गेलं, तिथली बाई पुढच्या संशोधकाला आपल्या पाळीबद्दल का सांगेल? गडचिरोलीत बायका तपासणीला आल्या, कारण तपासणाऱ्या डॉक्टर उपचारही करणार होत्या आणि उद्याही तिथेच असणार होत्या.

२०१० मध्ये भोपाळला पर्यावरणीय आरोग्याची राष्ट्रीय संशोधन संस्था सुरू झाली. तिथल्या एका अभ्यासात वायुपीडित मातांच्या १,०४८ बाळांपैकी ९ टक्क्यांत जन्मजात व्यंग आढळलं आणि वायू न लागलेल्या मातांच्या १,२४७ बाळांपैकी १.३ टक्क्यांत. अभ्यासाची रचना सदोष आहे असं ठरवून आयसीएमआरने तो प्रसिद्ध केला नाही. माहितीच्या अधिकारात आकडे बाहेर आले. इथेही दुसरा आकडा पाहा. गंभीर जन्मजात व्यंगांचं प्रमाण जगभर दोन-तीन टक्क्यांच्या आसपास असतं. १.३ पुन्हा कमीच आहे. दोष असेल तर तो दुरुस्त करून अभ्यास परत करायचा असतो, कपाटात ठेवायचा नसतो. कच्चा का होईना, हा धोक्याचा इशारा होता.

तुलनेच्या वस्तीच्या या अडचणीवर एक चांगला मार्ग २०२३ मध्ये ‘बीएमजे ओपन’मधल्या अभ्यासाने काढला. संशोधकांनी नवी वस्ती शोधलीच नाही. मुख्यतः राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या २०१५-१६ च्या माहितीतून त्यांनी भोपाळपासूनचं अंतर घेतलं आणि १९८५ मध्ये जन्मलेल्यांची तुलना दोन बाजूंनी केली: लांब जन्मलेल्यांशी आणि त्याच भागात आधी जन्मलेल्यांशी. जवळच्या भागात आधीपासून काही कमीजास्त असेल तर ते या हिशेबात वजा होतं. १९८५ मध्ये भोपाळच्या १०० किलोमीटर परिसरात जन्मलेल्यांत मुलग्यांचं प्रमाण घटलेलं दिसलं. गर्भातले मुलगे अशा आघाताला जास्त बळी पडतात, हे इतरत्रही दिसलं आहे. आईच्या पोटात वायू लागलेल्या पुरुषांमध्ये पुढे शिक्षण कमी, काम करण्यात अडथळा आणणारं अपंगत्व जास्त, कर्करोग जास्त. हे शक्य झालं कारण १९८५ आधीच्या जन्मांची माहिती त्याच पाहणीत होती. पाळी, गर्भपात, वंध्यत्व यांच्याबद्दल अशी ‘आधीची’ माहिती नव्हती, म्हणून त्या प्रश्नांची उत्तरं या मार्गानेही मिळत नाहीत.

तारापूर, तळोजा, पाताळगंगा, महाड, लोटे परशुराम, कुरकुंभ. महाराष्ट्रातल्या या औद्योगिक वसाहतींच्या कुंपणालगत आज हजारो बायका राहतात. आशाताईंच्या वहीत गरोदर बाई नाव नोंदवल्यानंतरच येते. त्याआधी गेलेला गर्भ, बिघडलेली पाळी, वर्षभर प्रयत्न करूनही न राहिलेले दिवस, आटलेलं दूध यांना त्या वहीत जागा नाही. वर्षातून एकदा हे चार प्रश्न या गावांतल्या प्रत्येक बाईला विचारून उत्तरं जपून ठेवायला नवं यंत्र लागत नाही. जिल्हा आरोग्य अधिकाऱ्यांनी, वैद्यकीय महाविद्यालयांच्या सामुदायिक वैद्यक विभागांनी आणि त्या भागातल्या ग्रामसभांनी ही नोंद या वर्षीच सुरू करावी, आणि तपासणीत जी आजारी आढळेल तिच्यावर त्याच गावात उपचार करावेत.